लुटुपुटीच्या बंदुकीची गिअरपेटी

माझ्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. नभोवाणीवर बोलावयाचें, आणि तेंहि बंदुकीविषयीं ! परंतु ही बंदूक कोणाचा जीव घेणारी नव्हे. तिच्यांतून निघते ती प्लॅस्टिकची एक गोळी. व्यास सहा मिलिमीटर आणि वजन बहुधा एका ग्रॅमचा पांचवा हिस्सा. ह्या बंदुकांना व त्यांच्या खेळाला मिळून एअरसॉफ्ट असें नांव आहे. रानांत किंवा ओस पडलेल्या एखाद्या आवारांत दोन पक्ष उभे राहतात, डोळ्यांवर जाड संरक्षक चष्मे चढवितात, आणि ज्याला गोळी लागेल त्यानें आपण होऊन हात वर करून बाद व्हावयाचें, असा नियम असतो. पंच प्रत्येक झाडामागें उभा राहूं शकत नाहीं. तेव्हां सारा खेळ खेळाडूच्या प्रामाणिकपणावर चालतो. आट्यापाट्या खेळतांना "शिवला, नाहीं शिवला" ह्यावरून ज्यांनीं भांडणें केलीं असतील त्यांना ह्या नियमाची किंमत निराळी सांगावयास नको. मला स्वतःला मात्र त्या खेळापेक्षां त्या बंदुकीच्या पोटांतल्या एका छोट्या पेटीनें अधिक वेड लाविलें. तिची हकीकत आज सांगावयाची आहे.

मी चंदगडचा. सह्याद्रीच्या माथ्यावरचा, धो धो पावसाचा हा तालुका 1956 सालापर्यंत बेळगांव जिल्ह्यांत मोडत असे. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हां बेळगांव पलीकडे राहिलें आणि आम्ही कोल्हापूर जिल्ह्यांत आलों. सरहद्द हलली, पण यंत्राचा एखादा सुटा भाग हवा झाला कीं आमच्या वडिलांचे पाय बेळगांवचीच वाट धरीत. त्याच बेळगांवांत 1888 सालीं किर्लोस्कर बंधूंनीं सायकलींचें दुकान काढलें आणि त्या धंद्यांतूनच पुढें लोखंडी नांगरांचा व इतर यंत्रांचा कारखाना उभा राहिला, ही गोष्ट वडील आम्हां मुलांना पुराणांतल्या कथेसारखी सांगत.

वडील उंसाचे चरक दुरुस्त करीत. शहरांतील श्रोत्यांनीं रसवंतीगृहांतला लहान चरक पाहिला असेल. गुऱ्हाळावरचा चरक हा त्याचा थोरला भाऊ. तीन जाड लोखंडी लाटा, त्यांना फिरविणारीं बिडाचीं दातेरी चाकें, आणि पूर्वीं बैलांनीं व पुढें इंजिनानें दिलेली गति. असा चरक मोडतो तो नेमकी वेळ साधून मोडतो. तोडलेला ऊंस वाळूं लागतो, काढलेला रस आंबूं लागतो, चुलवाण विझूं द्यावें तर पंचाईत आणि पेटतें ठेवावें तर काहिलींतलें सगळें करपतें. मग रात्रीं-अपरात्रीं कंदील घेऊन गुऱ्हाळावरचा माणूस आमच्या दारांत उभा. दहांपैकीं सहासात वेळां कारण एकच असे. चिपाडांत राहिलेला तांब्याभर रस निघावा म्हणून मालकानें लाटा जास्त आवळलेल्या असत, आणि चाकाचे दात गेलेले असत. वडील मालकाला रागें भरत नसत. "दाताला दात लागावा, चावूं नये," एवढें म्हणून ते कामाला लागत. पुढें मीं यंत्रविद्या शिकविण्यांत तीस वर्षें घालविलीं, पण दातेरी चाकांचें माझें खरें शिक्षण त्या कंदिलाच्या उजेडांत झालें.

गेल्या उन्हाळ्यांत मी इंग्लंडांत रेडिंग येथें माझ्या भाचीकडे दोन महिने होतों. तिचा मुलगा 19 वर्षांचा. घरांत मराठी बोलतो. फक्त 'ळ' म्हणतांना जरा अडखळतो. एके दिवशीं त्यानें कपाटांतून एक लांबट पेटी काढून माझ्यापुढें ठेविली आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही गिअर दुरुस्त करायचात ना? हिचे दात गेलेत." साता समुद्रांपलीकडे, एका पोराच्या तोंडून, 'दात गेले' हे शब्द ऐकतांच मला क्षणभर तो जुना कंदीलच दिसला. पेटी उघडली तों आंत हुबेहूब लष्करी रायफल ! भाची स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणाली, "मामा, ती घेऊन खिडकीपाशीं बसूं नका हं. शेजारी घाबरतात." तिच्या बोलण्याकडे मीं त्या वेळीं फारसें लक्ष दिलें नाहीं.

ह्या बंदुकीचें मूळ घर जपान. तेथें 1958 च्या कायद्यानें सामान्य माणसाला खरी बंदूक बाळगणें जवळजवळ अशक्य झालें. आणि जें हातीं लागत नाहीं त्याची प्रतिकृति करण्यांत जपानी कारागिराचा हात कोण धरील? आरंभींच्या बंदुका प्रत्येक गोळीला हातानें ओढाव्या लागत, किंवा वायूच्या दाबावर चालत. 1991 सालीं टोकियो मारुई ह्या कंपनीनें फामास नांवाच्या फ्रेंच रायफलीच्या धर्तीवर विजेच्या मोटारीनें चालणारी बंदूक विक्रीस आणली. बॅटरी, मोटार, तीन दातेरी चाकें, एक स्प्रिंग आणि एक दट्ट्या, एवढ्या सामग्रीवर ती चाप दाबून ठेविला कीं सतत गोळ्या टाकीत राही. आज जगभर ज्या नाना तऱ्हा विकल्या जातात त्यांतील बहुतेक विजेच्या बंदुकांच्या पोटांत त्याच रचनेची वंशावळ नांदत आहे.

ती रचना शब्दांनीं उभी करून पाहतों. बंदुकीच्या मुठींत मोटार असते. तिच्या टोंकाचें चिमुकलें पिनियन एका चाकाला फिरवितें. ह्या चाकाला बेव्हेल म्हणतात, आणि मोटारीच्या उभ्या आंसाची गति आडव्या आंसावर आणणें हें त्याचें काम. बेव्हेल मधल्या चाकाला फिरवितें, मधलें तिसऱ्याला, आणि प्रत्येक टप्प्याला वेग कमी होऊन जोर वाढत जातो. मोटारीचे सुमारें 18 फेरे झाले म्हणजे तिसऱ्या चाकाचा एक फेरा होतो. सारी गंमत ह्या तिसऱ्या चाकांत आहे. त्याच्या परिघाच्या साधारण अर्ध्याच भागावर दात असतात. उरलेला भाग बोळका. दातांची बाजू समोर आली कीं तें चाक दट्ट्याच्या पोटाखालची दातेरी पट्टी पकडून दट्ट्या मागें ओढतें, आणि त्याच्या पाठीमागची स्प्रिंग दाबली जाते. बोळकी बाजू आली कीं पकड सुटते. स्प्रिंग दट्ट्याला पुढें फेकते, दट्ट्या नळकांड्यांतली हवा लोटतो, आणि त्या हवेच्या लोटाबरोबर गोळी बाहेर पडते. ह्याच चाकावर एक खुंटी असते; ती प्रत्येक फेऱ्यांत पुढची तोटी क्षणभर मागें घेते आणि तेवढ्यांत नवी गोळी जागेवर येऊन बसते. बेव्हेलला एक खिटी अडकलेली असते, ती त्याला उलट फिरूं देत नाहीं. सेकंदाला पंधरा गोळ्या सुटत असतील तर हें ओढणें-सोडणें मिनिटाला 900 वेळां होतें, आणि मोटार मिनिटाला सोळा हजारांवर फेरे घेते. बैलांच्या चरकाचे फेरे मिनिटाला दोन किंवा तीन ! आणि हें सर्व ज्या कवचांत घडतें तें दोन तळहातांत मावतें.

पेटी उघडण्यापूर्वीं बॅटरी काढावयाची, गोळ्यांचें घर काढावयाचें, नळींत एखादी गोळी राहिली आहे काय तें पाहावयाचें, आणि ती खिटी मोकळी करून दाबलेली स्प्रिंग सैल सोडावयाची. हें सगळें मला ठाऊक होतें. मी त्या पोराला तें मोठ्या अधिकारानें सांगतहि होतों. चष्मा मात्र मीं टेबलावरच ठेविला होता. कवचाचा शेवटला स्क्रू निघाला, वरचा अर्धा भाग एका बाजूनें उचलला गेला, आणि स्प्रिंग आपल्या दांड्यासकट उडाली ती माझ्या कानावरून जाऊन चहासाखरेच्या बरण्यांमागें पडली. सैल सोडलेली स्प्रिंगहि पेटींत थोडी दाबलेलीच असते, एवढी गोष्ट मी विसरलों होतों. पोरानें कांहीं न बोलतां आपला खेळाचा चष्मा आणून माझ्या डोळ्यांवर चढविला. त्यानंतर दोन दिवस मी तो घालूनच टेबलाशीं बसत होतों.

आंत पाहिलें तों दट्ट्याच्या प्लॅस्टिकच्या पट्टीचे, चाक जेथें प्रथम पकडतें तेथपासूनचे, चार दात साफ गेलेले. त्यांचा भुगा काळ्या ग्रीसांत कालवलेला, आणि ग्रीस इतकें कीं कोणी पेटींत वरण वाढलें आहे असें वाटावें. चाकें पोलादी असल्यामुळें शाबूत होतीं. पण कवचाच्या पुढच्या भागांत, नळकांडें ज्या खिडकींत बसतें तिच्या कोपऱ्यापासून, केसाएवढी एक चीर वर गेली होती.

"स्प्रिंग कोणती घातली होतीस?" मीं विचारलें.

"एम 130. पहिली एम 100 होती. एका दुकानांत बदलून घेतली. ते म्हणाले, ताकद वाढेल."

आतां हा हिशेब थोडा समजून घेतला पाहिजे. एम ह्या अक्षरापुढचा आंकडा म्हणजे 0.20 ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण तितके मीटर वेगानें सुटेल असा अंदाज. शंभर मीटर वेगाच्या अशा गोळींत एक जूल ऊर्जा असते. वेग 130 झाला कीं ऊर्जा 1.69 जूल होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग तीस टक्क्यांनीं वाढला, पण ऊर्जा जवळजवळ सत्तर टक्क्यांनीं. ही वाढीव ऊर्जा आकाशांतून येत नाहीं. मोटार, चाकें आणि पट्टीचे दात ह्यांच्याकडून ती प्रत्येक गोळीला वसूल केली जाते. दुकानांत स्प्रिंग तेवढी बदलली होती. पट्टी तीच, कवच तेंच, मोटार तीच. तांब्याभर रसासाठीं लाटा आवळाव्या तसाच हा प्रकार.

मोडतोड ही तर ह्या प्रकरणाची लहान बाजू होती. त्या मैदानावर प्रत्येक बंदुकीचा वेग एका यंत्रानें मोजल्याशिवाय खेळाडूला आंत सोडीत नाहींत. स्प्रिंग बदलल्यानंतरच्या पहिल्याच रविवारीं ह्याच्या बंदुकीचा आंकडा आला सेकंदाला 407 फूट, म्हणजे 124 मीटर, ऊर्जा 1.54 जूल. त्याला खेळूं दिलें नाहीं. रागानें तो मित्राच्या परसांत डब्यांवर गोळ्या झाडीत राहिला, आणि तिसऱ्या रविवारीं दात गेले. मैदानवाले उगाच कटकट करतात, अशी त्याची समजूत होती. मीं त्यालाच कायदा शोधून वाचावयास लाविला. इंग्लंडांत 2017 सालच्या कायद्यानें अशा बंदुकांची मर्यादा आंकून दिली आहे: सतत गोळ्या टाकणारी असेल तर 1.3 जूल, एकेकच टाकणारी असेल तर 2.5 जूल. ह्या मर्यादेच्या आंत ती कायद्याच्या भाषेंत बंदूकच नव्हे. मर्यादा ओलांडली कीं ती सवलत संपली, आणि तीच वस्तु खऱ्या शस्त्रांच्या कायद्याखालीं येऊं शकते. जपानांत तर 2006 सालीं मर्यादा ह्याहूनहि खालीं, एका जुलाच्या किंचित आंत, ठरविली गेली. इंग्लंडांतील 2006 च्या दुसऱ्या एका कायद्यानें हुबेहूब दिसणाऱ्या नकली बंदुका विकण्यावरहि बंधनें घातलीं आहेत. संघटित खेळांत भाग घेणाऱ्यांना त्यांतून सूट मिळते, इतरांनीं भडक रंगाची घ्यावयाची, आणि 18 वर्षांखालील मुलाला ती विकत घेतांच येत नाहीं.

भाची शेजाऱ्यांविषयीं काय म्हणाली त्याचा अर्थ मला आतां लागला. तिच्या घरांतल्या कपाटांत कांहीं आठवडे जी पेटी पडून होती, तिच्यांतील एका स्वस्त स्प्रिंगेनें तिला खेळण्यांच्या कोटींतून काढून भलत्याच कोटींत नेऊन ठेविलें होतें, आणि घरांत कोणाला त्याचा पत्ता नव्हता. पोर बराच वेळ गप्प बसलें. मग म्हणालें, "आईला सांगूं नका."

"आधीं दुरुस्त करूं," मीं म्हटलें, "मग तूंच सांग."

नवें कवच, पोलादी दातांचा नवा दट्ट्या आणि पुन्हां एम 100 ची स्प्रिंग असें सामान टपालानें आलें. पहिलें काम कानशीचें. नव्या कवचाच्या खिडकीचे कोपरेहि काटकोनीच होते. अशा कोपऱ्यांत ताण सांचतो आणि चीर तेथूनच निघते. म्हणून बारीक गोल कानशीनें ते कोपरे गोल करून घेतले. विमानाच्या खिडक्यांना गोल कोपरे असतात तेहि ह्याच कारणासाठीं.

दुसरें काम पहिल्या दाताचें. दट्ट्या पुढें जाऊन जेथें थांबतो तेथें चाकाचा पहिला दात पट्टीच्या पहिल्या दाताला सपाट, तोंडाला तोंड लावून भिडला पाहिजे. तो नुसता टोंकानें भिडला तर सगळा भार त्या टोंकावर येतो, आणि मिनिटाला 900 हिसक्यांपुढें तें टोंक किती टिकणार? ह्या बंदुकींत तो टोंकानेंच भिडत होता. इलाज साधा आहे. नळकांड्याच्या पुढच्या झांकणावर दाट रबराची एक चकती चिकटवावयाची, म्हणजे दट्ट्या कांकणभर मागेंच थांबतो आणि दाताला दात नीट बसतो. मग पट्टीचा दुसरा दात चाकाच्या वाटेंत येऊं लागतो. तो घांसून टाकावा लागतो. नवाकोरा, निरोगी दात काढावयाचा म्हटल्यावर पोराचा चेहरा उतरला. पण दातांच्या वैद्यालाहि कधीं कधीं तेंच करावें लागतें.

तिसरें काम वायसर घालण्याचें, आणि कारागिराची खरी परीक्षा तेथें होते. तिन्ही चाकांचे आंस कवचाच्या दोन भागांत बसविलेल्या बुशांवर फिरतात. आंसाला बाजूला सरकण्यास जागा उरली तर चाकें तिरकीं होऊन एकमेकांना खातात. मुळींच जागा उरली नाहीं तर तीं घांसत फिरतात आणि मोटार तापते. ही जागा अतिपातळ वायसर घालून भरावयाची. त्यांची जाडी 0.1, 0.2, 0.3 मिलिमीटर, सर्वांत पातळ वायसर म्हणजे साध्या लिहावयाच्या कागदाएवढा. प्रथम मधलें चाक कवचाला न घांसेल अशा बेतानें शक्य तितकें खालीं बसवावें, मग दट्ट्या ओढणारें चाक त्याला शिवणार नाहीं असें, शेवटीं बेव्हेल. ह्या बेव्हेलला एकीकडे मधल्या चाकाशीं आणि दुसरीकडे मोटारीच्या पिनियनशीं जुळवून घ्यावें लागतें. दोन धन्यांच्या चाकरासारखी त्याची स्थिति. प्रत्येक वायसर घातल्यावर कवच मिटावें, स्क्रू आवळावे, बोटानें चाक फिरवून पाहावें, आणि पुन्हां उघडावें. एका संध्याकाळीं आम्हीं हें सव्वीस वेळां केलें. भाचीनें तीनदां चहा आणून ठेविला आणि तिन्ही वेळां तो निवाला.

येथें माझी चूक झाली. चरकाच्या जड चाकांवर वळलेल्या माझ्या बोटांना 0.1 मिलिमीटर म्हणजे कांहींच नव्हे असें वाटे. चाक जराहि हलतां कामा नये अशा हट्टानें मीं प्रत्येक आंसावर एक एक वायसर जास्तच चढविला. काम दिसावयास देखणें होतें. बॅटरी जोडली, चाप दाबला, आणि पेटी किंचाळली.

"आजोबा, हा आवाज बरोबर नाहीं," पोर म्हणालें.

चाकें नव्यानें बसलीं आहेत, रुळतील, असें मीं त्याला समजाविलें. थोड्या वेळानें मुठीला हात लावला तों मोटार चटका देण्याइतकी तापलेली. मग मुकाट्यानें तिन्ही जास्तीचे वायसर काढले. जन्मभर विद्यार्थ्यांना 'चावूं नये' म्हणून सांगणाऱ्यानेंच दातांना चावावयास लाविलें होतें ! नंतर मुठीच्या तळाशीं असलेला मोटारीचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवीत पिनियन आणि बेव्हेल ह्यांच्यांतलें अंतर ठरविलें. दूर राहिलीं तर खडखड, फार जवळ आलीं तर किंकाळी. मध्यें कोठें तरी अशी एक जागा येते कीं आवाज एकदम खालच्या पट्टींत उतरून गोल होतो. ती जागा डोळ्यांना दिसत नाहीं. ती त्या पोराच्या कानाला माझ्या आधीं सांपडली, आणि मला त्याचें दुःख झालें नाहीं.

उरलेलीं कामें किरकोळ. दट्ट्याच्या तोंडावरचें रबरी कडें नळकांड्यांत हवाबंद बसलें पाहिजे. तोटीवर बोट दाबून धरावें आणि दट्ट्या लोटून पाहावा, तो अडून राहिला तर हवा गळत नाहीं असें समजावें. जुन्या जोडणींत ती गळत होती. ग्रीस अगदीं थोडें, दातांपुरतें. चापाखालच्या तांब्याच्या पट्ट्या ठिणग्यांनीं काळ्या पडल्या होत्या, त्या घांसून स्वच्छ केल्या. हल्लींच्या लिथियम बॅटऱ्या प्रवाह फार जोरानें सोडतात व ह्या पट्ट्या लवकर जळतात, म्हणून कांहीं खेळाडू तेथें एक लहानसा इलेक्ट्रॉनिक स्विच बसवितात. आम्हीं तें पुढच्या खेपेवर ठेविलें.

रविवारीं मीहि मैदानावर गेलों. वेग मोजणाऱ्या माणसानें पांच गोळ्या झाडून घेतल्या. आंकडा आला 338 फूट, म्हणजे 103 मीटर, ऊर्जा 1.06 जूल; आणि पांचही गोळ्यांत मिळून चार फुटांचा फरक. त्यानें मान हलवून बंदुकीला एक छोटी खूण बांधली. पोराला नवल वाटलें तें पुढेंच. मोठी स्प्रिंग असतांना गोळ्या वेगानें जात, पण एक वर तर एक खालीं. आतां वेग कमी, पण जेथें नेम धरावा तेथें गोळी जाई. हवा गळत नव्हती, प्रत्येक हिसका मागच्यासारखाच होता, त्याचा हा परिणाम. त्या रात्रीं जेवतांना त्यानें आईला सगळें सांगितलें. ती त्याला काय बोलली तें येथें सांगण्याचें कारण नाहीं. मलाहि त्यांतला वांटा मिळाला.

सुधारणा ह्या नांवाखालीं ह्या पेटींत पुष्कळ कांहीं घालतां येतें. 18 ला 1 ऐवजीं 13 ला 1 अशा प्रमाणाचीं चाकें घातलीं तर गोळ्या अधिक भराभर सुटतात. पण मग दट्ट्या पुढें जाऊन पोंचण्यापूर्वींच चाकाचे दात पुन्हां येऊन त्याला मध्येंच पकडतात, आणि एका क्षणांत पट्टी सोलून निघते. वेगवान चाकें घालावयाचीं तर दट्ट्या हलका हवा, मोटार दमदार हवी, हवाबंदी पक्की हवी. माझें स्पष्ट मत असें आहे कीं, नव्या माणसानें पहिलें वर्षभर फक्त वायसर, हवाबंदी आणि पहिल्या दाताची बैठक एवढेंच करावें. त्यानें बंदुकीची शक्ति तिळभर वाढत नाहीं, म्हणून तें दुकानांत कोणी सुचवीत नाहीं.

आपल्याकडे परत आल्यावर गांवांत मला अनेकांनीं विचारलें कीं, ही आपल्या कोल्हापूरच्या नेमबाजांचीच बंदूक काय? नव्हे. तेजस्विनी सावंत ह्यांनीं 2010 सालीं म्युनिक येथें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, राही सरनोबत ह्यांनीं 2018 च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक घेतलें, आणि राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे ह्यांनीं 2024 सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक आणलें, तें सर्व खऱ्या काडतुसांच्या पिस्तुलांनीं व रायफलींनीं. त्यांत अशी पेटी नसते. तो परवान्याचा, शिक्षकांच्या देखरेखीचा, वर्षानुवर्षांच्या तपश्चर्येचा निराळा प्रांत आहे. हवेवर चालणाऱ्या बंदुकांनाहि आपल्याकडे 2016 चे शस्त्रनियम लागू आहेत. तेव्हां परदेशांतला एखादा भाचा किंवा पुतण्या कौतुकानें अशी वस्तु बरोबर आणूं म्हणेल तर त्यानें निघण्यापूर्वींच जकात खात्याकडे आणि आपल्या पोलिस ठाण्यांत विचारपूस करावी. विमानतळावरच्या मेजापुढें 'हें खेळणें आहे' असें पटवून देणें सोपें नाहीं, विशेषतः तें दिसावयास इतकें खरें असतांना.

मी स्वतः रिकाम्या हातीं आलों असें मात्र नाहीं. ती एम 130 ची स्प्रिंग पोरानें माझ्या सामानांत टाकली होती. चंदगडच्या घरीं माझ्या मेजावर ती उभी आहे. तिच्यांत मी पेन्सिली खोंचून ठेवतों.

गेल्या महिन्यांत एका रात्रीं उशिरां टेलिफोन वाजला. पलीकडून पोर म्हणालें, "आजोबा, कांहीं बोलूं नका, फक्त ऐका." मग पेटी फिरल्याचा आवाज आला. बाहेर आमच्याकडचा पाऊस कौलांवर वाजत होता, म्हणून मीं त्याला दोनदां फिरवावयास लाविलें. आवाज गोल होता, पण त्याच्या शेवटाला एक बारीक शीळ होती.

"बेव्हेलच्या वरचा 0.1 काढून बघ," मीं सांगितलें.

"काढलाय. तरी येतेय."

"मग मोटारीचा स्क्रू पाव फेरा मागें घे."

थोडा वेळ कांहींच ऐकूं आलें नाहीं. स्क्रूड्रायव्हर कोठें तरी पडला, पोर स्वतःशींच इंग्रजींत पुटपुटलें. मग पुन्हां चाप दाबल्याचा आवाज, आणि ह्या वेळीं शीळ नव्हती.